आधी मूल, मग साखर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाच्या वाटचालीविषयी चार गौरवाचे शब्द बोलावेत असा रिवाज आहे. ते काम चिटणीसबाईंनी आपल्या अहवालात माझ्याहून कितीतरी चांगले केले आहे. मला त्यांनी सांगितले, "बाई, तुम्ही इतकी वर्षे शाळेत मुले सांभाळलीत, तेव्हा मुलांविषयीच काही बोला." त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानून मी आज एका विषयावर बोलणार आहे. विषय समारंभाला शोभेसा वाटणार नाही, परंतु तो आपल्या आळीतला आहे, आपल्या घरातला आहे. मधुमेह झालेल्या मुलामुलींच्या मनाचे काय होते, आणि त्यांच्यासाठी आपणां शेजारणींना काय करता येईल, हा तो विषय.

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीची बाई येते. आपल्यांतल्याच कितीजणी चहा बिनसाखरेचा मागतात आणि मग शिरा मात्र दोनदा वाढून घेतात! (हसू नका, मी कोणाचे नाव घेतलेले नाही.) पण मुलांना होणारा मधुमेह बहुधा ह्याहून निराळा असतो. त्याला डॉक्टर 'टाइप १' म्हणतात. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे, तिच्यात इन्सुलिन तयार होते. अन्नातून आलेली साखर शरीराच्या पेशींना वापरता यावी म्हणून हे इन्सुलिन लागते. शरीराची जी रोगप्रतिकारक शक्ती जंतूंशी लढावयाची, तीच ह्या मुलांमध्ये चुकून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड फार खाल्ले म्हणून हे होत नाही. आईने गरोदरपणी काही पथ्य मोडले म्हणून होत नाही. एकाचे दुसऱ्याला लागत तर मुळीच नाही. आणि एकदा झाल्यावर इन्सुलिन बाहेरून घ्यावेच लागते, रोज आणि जन्मभर. सर्वसाधारणपणे तीन जेवणांच्या वेळी तीन आणि चोवीस तास पुरणारे एक, अशी दिवसाची चार इंजेक्शने होतात.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ह्या मुलांना वाचविण्याचा उपायच नव्हता. त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस लांबवीत असत. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. बँटिंग ह्यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे तोच बालदिन. हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण इन्सुलिनने पहिला जीव वाचविला तो एका मुलाचाच.

जीव वाचला, पण मनाचे काय? त्याच १९२२ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका बड्या मंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज बँटिंग ह्यांच्याकडे आली. तेव्हा ती हाडांचा सापळा झाली होती. इन्सुलिनने ती सावरली, पुढे लग्न झाले, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ साली वारली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे ती इन्सुलिनवर जगली. परंतु आपल्याला मधुमेह आहे ही गोष्ट तिने अगदी जवळच्या माणसांपलीकडे जन्मभर कोणाला कळू दिली नाही. इतक्या मोठ्या घरातल्या मुलीलाही हे लपवावेसे वाटले. मग आपल्या आळीतल्या मुलीला वाटले तर त्यात नवल ते काय?

आता मला हे सारे कसे ठाऊक, ते सांगते. माझ्या नातीला नवव्या वर्षी मधुमेह झाला. आज ती पंधरा वर्षांची आहे. तिच्याविषयी इथे बोलू का, असे मी तिला विचारले. तिने परवानगी दिली, पण एक अट घातली: "आजी, 'बिचारी' म्हणायचे नाही." ती अट मी पाळणार आहे आणि तुम्हीही पाळावी अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी, ती नववीत असताना, तिला एकाएकी उलट्या होऊ लागल्या. पोट दुखत होते, श्वास जोराने व खोल चालला होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. रुग्णालयात नेले तेव्हा कळले की कित्येक आठवडे ती शाळेत दुपारचे इंजेक्शन घेतच नव्हती, आणि शेवटच्या चार दिवसांत तर रात्रीचेही घेतले नव्हते. इन्सुलिन पुरेसे मिळाले नाही की शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते, आणि त्यातून रक्तात आम्ल साठते. वेळीच उपचार झाले नाहीत तर त्यात प्राणही जातात. नात दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या तत्परतेने वाचली.

ती सावध झाल्यावर घरचे सगळे एकच प्रश्न विचारीत होते, "घेतले का नाहीस?" ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मग तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारले, "दिवसातले कुठले इंजेक्शन सर्वांत नकोसे वाटते?" पोर लगेच म्हणाली, "दुपारचे. सगळ्याजणी डबे उघडतात आणि मला मोरीत जाऊन टोचून यावे लागते. वर्गात काढले की कोणीतरी 'ई' करते."

पाहा, प्रश्न एकच, पण विचारण्याची तऱ्हा निराळी. पहिल्यात आरोप होता, दुसऱ्यात चौकशी होती. उत्तर दुसऱ्याला मिळाले.

मग हळूहळू आणखीही निघाले. एका हळदीकुंकवाला कोणी बाई तिच्या देखत म्हणाल्या होत्या, "पोर गोड आहे हो, पण पुढे लग्नाचे कसे व्हायचे?" त्या बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हते. कळवळ्याने बोलल्या. पण चौदा वर्षांच्या मुलीने तो कळवळा घरी नेला, उशाशी घेऊन झोपली आणि ठरविले की आपण आजारी दिसायचेच नाही. आजारी दिसायचे नाही म्हणजे टोचायचे नाही. मोठ्यांच्या एका वाक्याचा प्रवास कुठवर होतो ते ध्यानात घ्या.

भगिनींनो, मी जन्मभर मास्तरकी केली. मुलाला गुण देणे वेगळे आणि मुलाची किंमत करणे वेगळे, हे शाळेत मला रोज जपावे लागे. मधुमेही मुलाच्या घरात नेमकी हीच गल्लत होते. हल्ली दंडाला मोठ्या बटणाएवढे एक यंत्र चिकटविता येते, आणि साखरेचा आकडा दर काही मिनिटांनी मोबाइलवर दिसतो. सोय मोठी आहे. ज्यांना परवडते त्यांच्या बोटांना दिवसातून पाचसहा वेळा टोचण्याचा त्रास पुष्कळ वाचतो. पण त्यातून एक नवीन सवय लागते. पोर शाळेतून दारात उभी राहते, आणि तिच्या तोंडाकडे पाहण्याआधी आपण मोबाइलकडे पाहतो. "काय खाल्लेस? अडीचशे कशी?" हेच स्वागत. सहल कशी झाली, बाई काय म्हणाल्या, मैत्रिणीशी भांडण मिटले का, हे सारे साखरेच्या मागे रांगेत उभे राहते. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आली की घरात निकालाचा दिवस. आकडा वाढला की मूल म्हणते, "मी नापास झाले."

वास्तविक साखर केवळ खाण्यावर नसते. ताप आला, झोप मोडली, परीक्षेची काळजी लागली, पाळी आली, खेळ जास्त झाला, इन्सुलिन उन्हात तापून निकामी झाले, ह्या सर्वांनी ती वरखाली होते. वयात येताना तर शरीरातले बदलच असे असतात की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. तितक्याच मात्रेत पूर्वी जे भागत होते ते भागत नाही. म्हणजे तेराचौदा वर्षांच्या मुलाचा आकडा वाढला तर त्यात त्याची बेपर्वाई किती आणि वयाचा वाटा किती, हे आपण ओट्यापाशी उभे राहून ठरवू शकत नाही. म्हणून आमच्या घरी सूनबाईंनी एक नियम केला. साखर 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणायची नाही, 'जास्त' किंवा 'कमी' म्हणायची. जास्त असेल तर काय करायचे, कमी असेल तर काय करायचे, एवढेच बोलायचे. आणि घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे साखरेचा शब्द काढायचा नाही. अर्थात अंगाला घाम सुटला असेल, हात कापत असतील, तर गोष्ट वेगळी. आधी मूल, मग साखर, एवढेच ह्या नियमाचे सार.

दुसरी गोष्ट. मूल मोठे झाले की आपण म्हणतो, "आता तुझे तू पाहा." नात बारा वर्षांची झाल्यावर आमच्याकडेही सगळ्या नातेवाईकांनी हाच सल्ला दिला. हा रोग सांभाळणे म्हणजे रोज खाण्याचा हिशेब, मात्रेचा हिशेब, खेळाचा हिशेब. सुट्टी नाही, रविवार नाही, दिवाळी नाही. मोठी माणसेसुद्धा त्याने थकतात. ह्या थकव्याला आजारपणाचा कंटाळा म्हणा, शीण म्हणा, पण तो आळस नव्हे. मुलाने हे काम शिकावे, हे खरेच. पण सगळा भार एका दिवसात त्याच्या डोक्यावर ठेवू नये. जिथे आईबाप वाढत्या वयातही कामाचा वाटा उचलतात, रागे न भरता सोबत राहतात, तिथे मुले पुष्कळ सावरून राहतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. आता आमच्याकडे रात्रीचे इंजेक्शन नातीचे वडील देतात. तिला येत नाही म्हणून नव्हे. दिवसातून एक तरी हिशेब तिच्या डोक्यावरून उतरावा म्हणून. त्या दहा मिनिटांत बापलेकी क्रिकेटवर भांडतात, आणि तेही औषधच आहे असे मला वाटते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मधुमेह असलेल्या मुलामुलींमध्ये उदासपणाचे प्रमाण इतर मुलांहून अधिक आढळते. मूल दोन आठवडे सतत खिन्न असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, साखरेचे आकडे लपवीत किंवा खोटे सांगत असेल, चोरून खात असेल, तर रागावून उपयोग नाही. काही मुली वजन उतरावे म्हणून मुद्दाम इन्सुलिन टाळतात, हेही आयांनी जाणून असावे. अशा वेळी मधुमेहाच्या डॉक्टरांना मनाचेही सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास लाजू नये. मुलांच्या मधुमेहाचे जगभरचे तज्ज्ञसुद्धा आता सांगतात की मनाची तपासणी हा उपचाराचाच भाग समजावा. 'जगायचे नाही' असे मूल बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, इन्सुलिन मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवून आपल्या हाताने द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

शाळांविषयी थोडे बोलते. आमच्या नातीला एका शाळेने सहलीला नेण्याचे नाकारले. जबाबदारी कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न. शिक्षकांची भीती मी समजू शकते, परंतु उपाय मुलीला घरी बसविणे हा नव्हे, शिक्षकांना शिकविणे हा आहे. सीबीएसई मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्या अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाणे आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले की शाळेत ह्या मुलांना साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, वेळेला खाऊ द्यावे. म्हणजे आपण शाळेत मागावयास जातो ती मेहरबानी नव्हे. माझ्या नातीच्या बाईंशी सूनबाई जाऊन बोलल्या. आता ती वर्गातच आपल्या बाकावर इन्सुलिनचे पेन काढते. पहिल्या दिवशी तिने स्वतः उभी राहून पाच मिनिटांत सगळ्या मुलींना समजावून सांगितले. ज्या मुलीने 'ई' केले होते, तीच आता डबा उघडण्याआधी विचारते, "टोचलेस का ग?"

जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह ह्याने २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. त्याला अगदी लहानपणापासून हाच मधुमेह आहे, आणि त्याने ते २०२२ मध्ये जगाला सांगितले. सुवर्णपदक मिळविणाऱ्यालाही आधी पदक आणि मग उच्चार, एवढा काळ लागला. आपल्या मुलांना पदकाची वाट पाहावी लागू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता आपण शेजारणींनी काय करावे? मी चारच गोष्टी सांगते.

एक: 'अरेरे', 'कसे व्हायचे', 'एवढ्या लहान वयात', हे शब्द मुलाच्या देखत काढू नयेत. आणि त्याच्या ताटाकडे पाहून "हे तुला चालते का?" असे चारचौघांत विचारू नये. गणपतीचा मोदक असो, संक्रांतीचा तिळगूळ असो की वाढदिवसाचा केक असो, किती खायचे आणि त्याला इन्सुलिन किती, हे त्याला व त्याच्या आईला कळते. आपण ताट सर्वांसारखे वाढावे. त्याच्यासाठी वेगळी वाटी काढली की तो पंक्तीत बसूनही पंक्तीबाहेर जातो.

दोन: ज्यांच्या घरी असे मूल खेळायला येते त्यांनी एक गोष्ट शिकून घ्यावी. मूल एकाएकी चिडचिडे झाले, घामाघूम झाले, कापू लागले, गोंधळल्यासारखे बोलू लागले तर साखर उतरली असावी. सत्तरच्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली. ताबडतोब तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यावे, आणि मुलाला एकटे सोडू नये. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या वेळची चिडचिड हा उद्धटपणा नसतो, हेही समजून असावे.

तीन: अमक्या काढ्याने, तमक्या बाबांच्या अंगाऱ्याने इन्सुलिन सुटते असे कोणाच्या आईला सांगू नये. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबविणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ आहे. आपण सल्ला देऊन घरी जातो, भोगतात ते.

चार: त्या आईकडे पाहावे. ती रात्री दोन वाजता उठून साखर तपासते, सकाळी डबे भरते, आणि दिवसभर मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असते. तिला "तू हे चुकून केलेस का, ते केलेस का" असे विचारण्यापेक्षा, "आज संध्याकाळी दोन तास मुलगी माझ्याकडे राहू दे, तू देवळात जाऊन ये, नाही तर नुसती झोप," असे म्हणणारी एक शेजारीण पुष्कळ औषधांच्या तोडीची आहे. घरात दुसरे भावंड असेल तर त्याचीही विचारपूस करावी. सगळे लक्ष एकाकडे गेले म्हणून ते मूकपणे बाजूला पडलेले असते.

अशा मुलांना एकमेकांची गाठ पडली की फार बरे वाटते. छत्रपती संभाजीनगरची 'उडान' ही संस्था ह्याच मुलांसाठी काम करते. इतर शहरांतही बालमधुमेहाच्या चिकित्सालयांतून मुलांचे व पालकांचे मेळावे भरतात. आपले सभागृह वर्षातून एक दिवस अशा मेळाव्याला विनामूल्य द्यावे अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवते. चहाफराळ मी पाहीन. दिवस १४ नोव्हेंबरचा असावा, म्हणजे बालदिनही साजरा होईल.

आपल्या मंडळाने आजवर शिवणवर्ग चालविले, पाळणाघर चालविले, पुराच्या वेळी धान्य गोळा केले. हे काम त्याहून सोपे आहे. ह्याला वर्गणी लागत नाही. जीभ जरा आवरायची, कान जरा उघडे ठेवायचे आणि दारात आलेल्या मुलाच्या तोंडाकडे आधी पाहायचे, एवढेच.